पाण्यातून चाललात का?

टेंभी नाक्यावर उभं राहून कुणाही जुन्या ठाणेकराला ‘सिव्हिल कुठंय?’ असं विचारलं, तर तो अजूनही सवयीनं त्याच दिशेला हात करतो. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचं जिल्हा रुग्णालय. पूर्ण नाव कुणी घेत नाही, सिव्हिल म्हटलं की पुरे. जुन्या इमारती आता पाडल्या आहेत. त्या जागी ९०० खाटांचं नवं रुग्णालय व्हायचं आहे, आणि तोवर वॉर्ड, ओपीडी, केस पेपरची खिडकी असा सगळा बाडबिस्तरा मनोरुग्णालयाच्या आवारात हलला. नाका मात्र आपल्या जागी आहे: नवरात्रातल्या देवीच्या मंडपाची जागा, पारशांची अग्यारी, जैन मंदिर, रिक्षांची रांग.

ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा तलासरी-जव्हारपासून शहापूर-मुरबाडपर्यंत पसरलेला होता. एवढ्या मुलखातली आजारपणं एस.टी.नं आणि लोकलनं ठाण्याला यायची. पावसाळ्यात येणाऱ्यांत भातलावणी करताना घोणस चावलेला शेतकरी असायचा, बाळंतपणात रक्त गेलेली बाई असायची, आणि काविळीसारखे डोळे पिवळे झालेला, तापानं फणफणलेला तरुण असायचा. तिघांचे आजार वेगळे, पण तिघांचीही किडनी दोन-चार दिवसांत अचानक बंद पडू शकते. मधुमेह आणि रक्तदाब किडनीला वर्षानुवर्षं कुरतडतात, तो प्रकार निराळा. हा पावसाळी घाला अचानक होतो आणि वेळीच ओळखला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. म्हणूनच इथं ‘कधी कळलं’ याला विलक्षण किंमत आहे.

हे कळण्याचा इतिहास मला सांगायचा आहे. किडनीची कथा एरवी यंत्रांची म्हणून सांगितली जाते: डायलिसिस आलं, प्रत्यारोपण आलं, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. मला ती प्रश्नांची कथा वाटते. किडनी दुखत नाही, ओरडत नाही. तिला काय झालंय हे आडून आडून विचारावं लागतं, आणि प्रत्येक पिढीनं तिला विचारायचा नवा प्रश्न शोधला.

माझ्या मनात हा विषय रुतला तो २६ जुलै २००५ च्या पावसानं. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईत मिठी फुगली, इकडे उल्हास नदी कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या वस्त्यांत शिरली. महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसं गेली. लोकल जिथल्या तिथं थांबल्या आणि लाखो माणसं चालत घरी निघाली.

आमच्या शेजारचे काका कुर्ल्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. दुपारी तीनला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ठाण्यात घरी पोचला. कुर्ल्याला छातीभर पाणी, घाटकोपर-विक्रोळीला कुठं कमरेइतकं, कुठं गुडघ्याइतकं, मुलुंडनंतर नुसता चिखल. एक चप्पल वाहून गेली होती, उरलेली त्यांनी हातात धरून आणली होती. डाव्या टाचेला पाण्याखालच्या कसल्यातरी पत्र्यानं कापलं होतं. काकूंनी त्यावर हळद दाबली, चहा दिला, आणि काका दिवसभर झोपले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, सुटले.

दहाव्या दिवशी ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की चादरीचा भारही सोसवेना. डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत की पाणी नाही. जवळच्या एका दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, व्हायरल आहे, त्या दिवसांत सगळ्यांनाच होता. दोन दिवसांनी रक्त तपासलं. किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणारं क्रिएटिनिन १.२ आलं. रिपोर्टवर त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात छापलं होतं: ०.६ ते १.४. म्हणजे नॉर्मल. किडनीचं काही नाही असं सांगून काकांना घरी पाठवलं.

आणखी दोन दिवसांनी डोळे पिवळे झाले. लघवी चहासारखी गडद, आणि दिवसभरात कपभर. तेव्हा आम्ही त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या. एक निवासी डॉक्टर, वय फार तर पंचवीस-सव्वीस, डोळ्यांखाली काळं आलेलं, गादीशेजारी उकिडवा बसला.

“काका, सव्वीस तारखेला कुठं होतात?”

“कुर्ल्याला.”

“पाण्यातून चाललात का?”

काकांनी हसायचा प्रयत्न केला. “रात्रभर तेच केलं बाबा.”

“पायाला कुठं लागलं होतं?”

काकूंनीच टाच पुढं करून दाखवली. त्यानं पोटरी हळूच दाबली, काका कळवळले. तपासणीचा रिपोर्ट यायच्या आधी त्यानं इंजेक्शन सुरू केलं आणि केस पेपरच्या डोक्यावर निळ्या पेनानं एक ओळ लिहिली.

त्या ओळीतल्या आजाराचं नाव लेप्टोस्पायरोसिस. ‘लेप्टो’ हा शब्द त्या ऑगस्टमध्ये ठाण्या-मुंबईत घरोघरी पोचला. त्याची गोष्ट मात्र १८८६ सालापासून सुरू होते. त्या वर्षी जर्मनीत हायडेलबर्गच्या आडोल्फ वाइल या वैद्यानं ताप, कावीळ आणि किडनीचा बिघाड एकत्र होणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. कारण त्याला माहीत नव्हतं. ते १९१५ मध्ये जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी शोधलं: स्क्रूसारखा पिळदार, सूक्ष्म जंतू. हा जंतू उंदराच्या किडनीतल्या बारीक नळ्यांत बिऱ्हाड करून राहतो. उंदराला त्याचा त्रास होत नाही, तो फक्त आयुष्यभर मुतातून जंतू सोडत राहतो. पूर आला की बिळं, गटारं, गोदामं धुऊन निघतात आणि सगळं एका पाण्यात मिसळतं. माणसाच्या पायाची भेग, नख उचकटलेली जागा, फार वेळ भिजून पांढरी पडलेली कातडी, एवढं दार त्याला पुरतं. आठवड्या-दोन आठवड्यांत तो रक्तातून फिरून पुन्हा आपल्या आवडत्या जागी, नळ्यांत जाऊन बसतो. फक्त या वेळी किडनी उंदराची नसते.

गंमत वाटावी असा योग म्हणजे त्याच १८८६ साली जर्मनीतच, क्योनिग्सबर्गला, माक्स याफे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं लघवीत पिक्रिक आम्ल घालून पाहिलं. त्यातून क्रिएटिनिन ओळखण्याची रीत निघाली आणि पुढे ते मोजण्याचीही. अनेक लॅबमध्ये ती अजून चालते. मी एकदा बघितली आहे. पिक्रिक आम्लाचा रंग पिवळाधमक, हळदीच्या पाण्यासारखा. त्यात अल्कली आणि रुग्णाच्या रक्तातलं पातळ सीरम मिसळलं की पिवळ्याचं हळूहळू केशरी होतं, क्रिएटिनिन जास्त असेल तर लालसर. यंत्र त्या रंगाची गडदता मोजतं आणि आकडा छापतं. कोट्यवधी माणसांच्या किडनीचा निवाडा गेली शंभराहून अधिक वर्षं या एका रंगावर होत आला आहे.

आकड्यात दोन खोटी आहेत. आपल्या दोन किडन्यांत मिळून सुमारे वीस लाख गाळण्या असतात, दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटर बाहेर सोडतात. इतकी कुवत हाताशी असल्यामुळे जवळजवळ निम्मं काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन फारसं हलत नाही, आणि अचानक बिघाड झाला तर ते चढायला एक-दोन दिवस लागतात. आकडा येतो तेव्हा घटना होऊन गेलेली असते. दुसरी खोट अशी की क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. भरदार माणसाचं मुळात जास्त, काटकुळ्याचं कमी. काका काटकुळे होते.

आता थोडं मागं जायला हवं, कारण किडनीसाठी ठाण्याहून परळला जाण्याची वाट तोवर रुळलेली होती. परळचं केईएम रुग्णालय १९२६ पासूनचं. तिथं मे १९६५ मध्ये देशातलं पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण करून पाहिलं गेलं, मृत व्यक्तीचं मूत्रपिंड घेऊन. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं. पुढच्या काळात केईएममध्ये डॉ. विद्या आचार्य यांनी मूत्रपिंडविकाराचा विभाग नावारूपाला आणला. त्या पिढीच्या डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न वेगळाच असायचा: यंत्र आहे का, आणि असलं तर ते कुणाला द्यायचं?

हा प्रश्न सगळ्या देशाला एकदम कळला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणी लागली तेव्हा, २६ जून १९७५ च्या पहाटे, त्यांना पकडलं आणि काही दिवसांत चंडीगडला नेऊन तिथल्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध ठेवलं. तिथं ते रोजनिशी लिहीत. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं १९७७ मध्ये ती पुस्तकरूपानं काढली. नोव्हेंबरमध्ये तब्येत फारच बिघडल्यावर सुटका झाली आणि त्यांना मुंबईत जसलोकला आणलं. जसलोक तेव्हा अवघं दोन वर्षांचं होतं. तिथं मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी निदान सांगितलं: दोन्ही किडन्या गेलेल्या आहेत, आता जगायचं तर यंत्राच्या आधारानं.

जेपींकडे पैसा नव्हता. त्यांच्यासाठी यंत्र घ्यायला लोकांनी वर्गणी गोळा केली, माणशी एक रुपया. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ९० हजार रुपयांचा धनादेश पाठवला, तो जेपींनी परत केला. मला या दोन गोष्टी एकत्र आठवतात तेव्हा भरून येतं. ज्या काळात सभेला बंदी होती, त्या काळात एका आजारी माणसाच्या रक्तशुद्धीसाठी दिलेला रुपया हेच एक मत होतं. १९७७ च्या मे महिन्यात ते उपचारासाठी सिएटलला गेले. १९६० मध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम बसवून वारंवार डायलिसिस शक्य केलं होतं, ते हेच शहर. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात जेपींचं निधन झालं.

पुढे कितीतरी वर्षं एकच वाद चालला: किडन्या कधी बिघडायला लागल्या? स्थानबद्धतेआधी की नंतर? कुणाचं दुर्लक्ष झालं का? राजकारणातला संशय बाजूला ठेवला तर वैद्यकाच्या बाजूनं उरणारा प्रश्न अगदी साधा आहे, आणि तोच तीस वर्षांनी काकांच्या बाबतीत विचारला जायला हवा होता. आधीचा रिपोर्ट काय सांगतो?

काकांचा आधीचा रिपोर्ट होता. दोन वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याची फाइल कपाटात साड्यांच्या खाली होती. त्यात क्रिएटिनिन ०.७. म्हणजे दवाखान्यात ज्याला नॉर्मल म्हटलं तो १.२ चा आकडा त्यांच्या स्वतःच्या आकड्याच्या पावणेदोनपट होता. किडनी त्याच दिवशी सांगत होती. छापील मर्यादेत बसली म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये पक्की केलेली व्याख्या असं सांगते की सात दिवसांत क्रिएटिनिन दीडपट झालं, किंवा ४८ तासांत ०.३ नं वाढलं, तर तो किडनीवरचा तातडीचा घाला मानावा. म्हणजे मोजायचं ते माणसाला त्याच्याच मापानं. प्रिसिजन मेडिसिन हा शब्द आता फार मोठा झाला आहे, जनुकं आणि पेशींच्या नकाशांपर्यंत गेला आहे. पण त्याची पहिली पायरी माझ्या मते हीच आहे, साड्यांच्या खालची ती फाइल.

यानंतरची घटना मला कुठल्याही कादंबरीकारानं रचली असती तर पटली नसती. २७ जुलै २०१९ च्या पहाटे उल्हास पुन्हा फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवासी, त्यांत गरोदर बायका, तान्ही मुलं. एनडीआरएफच्या बोटी आणि नौदलाची हेलिकॉप्टरं आली आणि सगळे सुखरूप निघाले. चार दिवसांनी, ३१ जुलैला, ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ७,०३,७८२ रुग्णांच्या संगणकीय नोंदी वापरून एक प्रणाली शिकवली होती. ती रुग्णाचे रक्ताचे रिपोर्ट, औषधं, नोंदी सतत वाचत राहते आणि किडनीवरचा घाला पडायच्या ४८ तास आधीपर्यंत इशारा देते. अशा घटनांपैकी ५५.८ टक्के तिनं आधी ओळखल्या. ज्या रुग्णांना पुढे डायलिसिस लागलं त्यांच्यातल्या ९०.२ टक्के ओळखल्या. प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे इशारे होते, हेही त्यांनी लपवलं नाही.

याफेच्या रंगाची पहिली खोट, उशीर, ती भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. ४८ तास म्हणजे काय, हे व्हरांड्यातल्या गादीवर बसलेल्या काकूंना विचारावं. दोन दिवस आधी कळलं असतं तर किडनीला झेपणार नाहीत अशा वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या असत्या, सलाईनचा हिशेब बसला असता, प्रतिजैविक सुरू झालं असतं. कदाचित डायलिसिस टळलंही असतं.

पण त्या प्रणालीनं ज्यांच्याकडून शिक्षण घेतलं त्यांत बायका होत्या फक्त ६.३८ टक्के. माजी सैनिकांची रुग्णालयं, तेव्हा ते साहजिकच. २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तशीच प्रणाली पुन्हा बांधून तपासली तेव्हा बायकांच्या बाबतीत ती कमी पडते असं त्यांना दिसलं. बाळंतपणात रक्त जाऊन किडनी बंद पडलेली मोखाड्याची बाई त्या सात लाखांत कुठं असणार? घोणस चावलेला शेतकरी? आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत रात्रभर पाण्यातून चालत आलेला लेथ कामगार? यंत्राला जे दाखवलं तेच ते ओळखतं. जो पूर त्यानं पाहिला नाही तो त्याच्या लेखी आलेलाच नाही.

ही चूक यंत्राआधीपासून आपण करत आलो आहोत, हे मात्र सांगायला हवं. क्रिएटिनिनवरून किडनीची गाळणशक्ती काढायची सूत्रं अमेरिकेत बनली. १९९९ च्या आणि २००९ च्या सूत्रांत माणूस काळा असेल तर आकडा वाढवून धरायचा असं होतं. एकाच रक्ताचा निकाल कातडीच्या रंगावरून बदलायचा, आणि किती कृष्णवर्णीयांचा आजार त्यामुळे उशिरा धरला गेला असेल. २०२१ मध्ये ते कलम काढून टाकलं. आपल्या शरीरांचं काय? त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार सुंदर रीतीनं दिलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे एकच, आतून वेगळे. पुणे परिसरातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की हे बारीक दिसणारं आणि आतून चरबी राखणारं शरीर आईच्या पोटातच घडायला लागतं. चरबी जास्त म्हणजे मांस कमी. मांस कमी म्हणजे क्रिएटिनिन मुळातच कमी. पुण्याच्या त्या फोटोत ठाण्याच्या काकांचा ०.७ आहे.

पेशींच्या ज्या नकाशांचा मघाशी उल्लेख केला, त्यासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये सरकारी पैशानं एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात रुग्ण आपणहून किडनीचा तुकडा, बायोप्सी, संशोधनासाठी देतात आणि एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत हे वाचलं जातं. २०२३ मध्ये त्या पेशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. ‘किडनी फेल’ या एका शब्दाखाली आपण कोंबलेले अनेक आजार त्यातून सुटे होतील. त्या नकाशात एक दिवस पिळदार जंतूनं पोखरलेली कोकणातली किडनीही असावी, असं मला फार वाटतं. भारतात २०२१ मध्ये ‘आभा’ हा आरोग्य क्रमांक आला, मागचे रिपोर्ट एका धाग्यात ओवायची सोय झाली. ती नेटानं वापरली तर कपाटातल्या फाइली निदान डॉक्टरांच्या नजरेसमोर येतील.

दरम्यान, आपल्याकडे एक गोष्ट फारसा गाजावाजा न होता घडली. २००५ नंतर पालिकांनी पावसाळ्यात सांगायला सुरुवात केली की पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावं. मुंबई महापालिकेच्या सूचनेत माणसांचे तीन गट असतात: एकदाच पाण्यातून गेला आणि अंगावर जखम नाही, जखम होती, आणि वारंवार पाण्यात उतरावं लागतं. गटागणिक डॉक्सिसायक्लिनच्या मात्रा ठरतात. सफाई कामगार आणि एकदा भिजलेला ऑफिसवाला यांना एकच गोळी नाही. नेमक्या माणसाला नेमकं औषध, तेही आजार यायच्या आधी. यात संगणक नाही, जनुक नाही. त्या व्हरांड्यात उकिडव्या बसलेल्या पोरानं विचारले तेच दोन प्रश्न आहेत. उद्या ठाण्याच्या नव्या रुग्णालयात एखादी प्रणाली येईल आणि यायलाच हवी. तिच्या नोंदीच्या पडद्यावर या दोन प्रश्नांसाठी दोन चौकटी असाव्यात आणि त्या भरल्याशिवाय पान पुढं जाऊ नये, एवढं मला त्या बांधणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

काकांना चार वेळा डायलिसिस लागलं. मांडीच्या शिरेत नळी, शेजारी गुरगुरणारं यंत्र, आणि काकूंची नजर पलंगाखालच्या मोजपट्टीच्या भांड्यावर. पन्नास मिली. सत्तर मिली. लघवीची वाट इतक्या आतुरतेनं बघताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. एका संध्याकाळी त्या वॉर्डातून धावत पॅसेजमध्ये आल्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, “अडीच लिटर झाली!” शेजारच्या गाद्यांवरचे लोकही हसले. त्यांना त्या आकड्याचा अर्थ आमच्याइतकाच कळत होता.

काका आता निवृत्त आहेत, टेंभी नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. सगळे कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या एका पिशवीत ठेवले आहेत, आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती पिशवी बरोबर असते. परवा त्यांनी मला त्यातला २००५ चा केस पेपर दाखवला. घडीवर फाटत आलाय. डोक्यावरची निळी ओळ फिकट झाली आहे पण वाचता येते: पाण्यातून चालल्याची हिस्टरी, डाव्या टाचेला जखम. खाली त्याच अक्षरात तारखांपुढे क्रिएटिनिनचे आकडे एकाखाली एक लिहिले आहेत. ३.८, ६.९, ७.४, ५.१, २.६, १.३. शेवटचा आकडा घरी सोडल्यानंतर तपासायला बोलावलं तेव्हाचा, पेन वेगळं: ०.८. पिशवीत त्याच्या मागे हर्नियाची फाइल आहे.